पाथ लांब, टेस्ट लाल

टेस्ट लाल झाली की पहिला संशय ती चालवणाऱ्यावर जातो. चालवणारा विद्यार्थी असेल तर संशयसुद्धा नाही, थेट निकालच. ‘तुझंच काहीतरी चुकलंय, सगळं काढून परत टाक.’ पोरगा सगळं काढतो, परत टाकतो, परत लाल. पडद्यावर ओळ तीच: अशी फाइल किंवा फोल्डर नाही. शेजारच्या मशीनवर तोच कोड, त्याच टेस्ट, आणि सगळं हिरवंगार.

फरक एवढाच, की शेजारच्याने प्रोजेक्ट डी ड्राइव्हवर एका छोट्या फोल्डरात ठेवलेला असतो आणि याने डेस्कटॉपवर.

दुखणं आहे पाथच्या, म्हणजे फाइलीच्या पूर्ण पत्त्याच्या, लांबीचं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हा दोष विद्यार्थ्याचा नाही. तो प्रोजेक्ट रचणाऱ्याचा आणि टेस्टची साधनं बनवणाऱ्याचा आहे. दुरुस्तीही तिथेच व्हायला हवी, त्या पोराच्या मशीनवर नव्हे.

आधी आकडे बघू. विंडोजमध्ये पाथची जुनी मर्यादा २६० अक्षरांची. ड्राइव्हचं अक्षर, कोलन आणि स्लॅश ही तीन त्यातच आली. शेवटी संगणक स्वतःसाठी लावतो ती समाप्तीची खूणही त्यातच. म्हणजे आपल्या हाती उरतात २५९. नवा फोल्डर करायचा तर त्याहून कमी, कारण २४८ची वेस आड येते. २६०पैकी उरलेल्या १२ जागा डॉसच्या काळातल्या फाइलीसाठी राखीव: आठ अक्षरांचं नाव, एक टिंब, तीन अक्षरांचं एक्स्टेन्शन. खालची एनटीएफएस व्यवस्था मात्र सुमारे ३२,७६७ अक्षरांचा पाथ सांभाळू शकते. म्हणजे अडचण डिस्कवर नाहीच. प्रोग्राम विंडोजकडे फाइल मागतो त्या खिडकीवर ती आहे.

आता रत्नागिरीत या. शासकीय तंत्रनिकेतन, फिनोलेक्स अकादमी, गोगटे-जोगळेकर महाविद्यालय. संगणक शिकणारी पोरं या गावात कमी नाहीत. समजा, शेवटच्या वर्षाच्या एका गटाने हापूसच्या पानांवरचे रोग ओळखणारा प्रोजेक्ट घेतला. नाव दिलं, ‘अल्फान्सो मँगो लीफ डिसीझ डिटेक्शन यूजिंग डीप लर्निंग’. इंग्रजी स्पेलिंगने, मधले अंडरस्कोर धरून ५७ अक्षरं. नाव चांगलं आहे. परीक्षकाला वाचताक्षणी विषय कळतो.

गटातल्या एकीने तो गिटहबवर चढवला, दुसऱ्याने झिप उतरवून घेतली. झिपच्या नावाला ब्रँचचं ‘-मेन’ हे शेपूट लागतं. झाले ६२. ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ केलं की झिपच्या नावाचा एक फोल्डर तयार होतो आणि त्याच्या पोटात त्याच नावाचा दुसरा. दोन स्लॅश धरून १२६. हे सगळं डेस्कटॉपवर, आणि डेस्कटॉप वनड्राइव्हच्या आत. सी ड्राइव्ह, यूजर्स, वनड्राइव्ह, डेस्कटॉप मिळून स्लॅशसकट २७. वापरकर्त्याचं नाव दहा अक्षरी धरू, म्हणजे ३७. एकूण १६३. पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट तिथेच केलं, तर साइट-पॅकेजेसपर्यंत जायला आणखी २३. एकूण १८६. शिल्लक राहिले ७३.

अजून कोडची एक ओळ चाललेली नाही. डीप लर्निंगला लागणाऱ्या टेन्सरफ्लोच्या पॅकेजमध्ये, नुसता आतला पाथ मोजला तरी शंभरी ओलांडणाऱ्या फाइली सापडल्या आहेत. त्र्याहत्तरात शंभर मावत नाहीत. हे गणित पडद्यावर दिसलं असतं तर पोराने पाच मिनिटांत प्रोजेक्ट हलवला असता. पण पडद्यावर गणित येत नाही, ‘अशी फाइल नाही’ एवढंच येतं. पॅकेज बसवणारा पायथनचा पिप हल्ली त्याखाली एक सूचना देतो, की या मशीनवर लांब पाथची सोय चालू नसल्यामुळे असं झालं असू शकेल. ती ओळ ज्याने घातली त्याने हजारो मुलांचे तास वाचवले. बाकीच्या साधनांनीही ती ओळ घालायला हवी.

इन्स्टॉल सुखरूप पार पडलं तरी सुटका नाही, कारण टेस्ट पाथमध्ये आपली भर घालतात. प्रत्येक टेस्टला एक तात्पुरता फोल्डर, फोल्डरला टेस्टचं नाव, त्या नावात टेस्टला दिलेली मूल्यं, फोल्डरच्या आत स्क्रीनशॉट, आणि स्क्रीनशॉटलाही पुन्हा टेस्टचंच नाव. विंडोजचा टेम्प फोल्डर तर वापरकर्त्याचं नाव न धरताच २९ अक्षरं खाऊन बसतो. म्हणून बाकी साऱ्या टेस्ट पास होतात आणि दोन-तीनच पडतात. कुठल्या पडतात बघा. ज्यांची नावं नीट, काय तपासतोय ते सांगणारी दिली आहेत, त्याच. ‘टेस्ट एक’ असं नाव देणारा सुटतो आणि मन लावून काम करणारा अडकतो. मला राग येतो तो इथे.

यावर जे उपाय सर्रास सांगितले जातात, ते एकेक घेऊ.

‘ती टेस्ट स्किप कर.’ हा उपाय नाही. टेस्टने खरी बातमी आणली होती, की हे सॉफ्टवेअर खोल फोल्डरात चालत नाही. ती दडपली की तोच पाथ उद्या गिऱ्हाइकाच्या मशीनवर फुटणार. तिथे तर टेस्टही नसते, फक्त ओरडणारा माणूस असतो.

‘टेस्टची नावं आखूड कर.’ हेही नाही. टेस्टचं नाव म्हणजे पुढच्या माणसाला दिलेला निरोप. सहा महिन्यांनी टेस्ट पडली की आधी तेच वाचलं जातं. जागा वाचवायला निरोप पुसायचा नसतो.

‘रजिस्ट्रीत लांब पाथची सोय चालू कर.’ हा सल्ला खरा आहे, पण अर्धा. २०१६च्या विंडोज १०च्या १६०७ आवृत्तीपासून ही सोय आहे. मात्र ती आपसूक चालू नसते, चालू करायला ॲडमिनचे अधिकार लागतात, आणि चालू करूनही भागत नाही. प्रत्येक प्रोग्रामने आपल्या मॅनिफेस्टमध्ये ‘मला लांब पाथ झेपतो’ असं जाहीर केलेलं असावं लागतं. पायथन ३.६पासून ते करतो. गिटला त्याची स्वतःची लाँगपाथ्सची सेटिंग वेगळी लावावी लागते. साखळीतला एक जरी प्रोग्राम मागे राहिला तरी टेस्ट पडते. आणि कॉलेजच्या लॅबमध्ये विद्यार्थ्याला ॲडमिनचे अधिकार नसतात. ते नसावेत हेच बरोबर आहे. मग ज्याच्या हातात किल्लीच नाही त्याला कुलूप उघडायला सांगून काय उपयोग?

‘सब्स्ट वापर.’ ही एका ओळीची आज्ञा लांबच्या फोल्डरला एक ड्राइव्हचं अक्षर देते. अधिकार लागत नाहीत, सबमिशनच्या आदल्या रात्री जीव वाचतो. पण काही साधनं त्या अक्षरामागचा मूळ पाथ हुडकून काढतात आणि गाडी पुन्हा तिथेच अडते. प्रथमोपचार म्हणून ठीक, इलाज म्हणून नाही.

‘विंडोज सोड, लिनक्स घे.’ हा सल्ला देणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे, की मराठीत फाइलींची नावं देऊन बघा.

लिनक्समध्ये पूर्ण पाथला ४०९६ आणि एका नावाला २५५ अशी मर्यादा आहे. ऐकायला ऐसपैस. पण ही मोजणी बाइटची आहे, अक्षरांची नाही. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीतल्या प्रत्येक युनिकोड घटकाला यूटीएफ-८मध्ये तीन. ‘रत्नागिरी’ हा शब्द घ्या. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात: र, त्ना, गि, री. युनिकोडला त्यात मात्रा, वेलांट्या आणि हलन्त धरून नऊ घटक दिसतात. लिनक्स मोजतो सत्तावीस बाइट. तोच शब्द वेबच्या पत्त्यात टक्क्यांच्या खुणांनी लिहिला गेला की एक्क्याऐंशी. म्हणजे इंग्रजी फाइलीच्या नावाला २५५ अक्षरं मिळतात, मराठीला ८५ घटक. लिपी बदलली म्हणून जागा एक तृतीयांश झाली.

आणि पंचाऐंशीही नशिबात नसतात. डेटाबेसच्या टेस्ट घ्या. पोस्टग्रेससारखा सर्व्हर एकाच मशीनवर बोलताना सॉकेट नावाची खास फाइल वापरतो. लिनक्समध्ये तिच्या पाथला १०८ बाइट, मॅकवर १०४. समाप्तीची खूण वजा केली की लिनक्सवर १०७. आता त्या हापूसवाल्या गटाने फोल्डरला मराठी नाव दिलं, ‘हापूस आंबा पानांवरील रोग ओळख’, आणि टेस्टचा तात्पुरता सर्व्हर त्याच फोल्डरात उभा केला. नाव साधं, सुटसुटीत, पाच शब्दांचं. बाइट मोजा: ७६. शिल्लक ३१. सॉकेटच्या स्वतःच्या नावाला स्लॅश धरून १४. शिल्लक १७. त्यात होम, वापरकर्त्याचं नाव आणि डेस्कटॉप बसवायचंय. होम आणि डेस्कटॉपलाच स्लॅशसकट १५ जातात. उरलेल्या दोनमध्ये कुणाचंही नाव बसत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘मग इंग्रजीत नाव द्या.’ मला हे उत्तर मान्य नाही. रत्नागिरीच्या मुलाने हापूसच्या प्रोजेक्टला मराठी नाव दिलं तर ते काही चुकलेलं नाही. ज्या प्रोग्रामला ते नाव झेपत नाही, त्यात चूक आहे. ती शोधण्यासाठीच तर टेस्ट असतात.

लांब नाव न तोडता यंत्रणेचं काम चालवणं जमतं का? जमतं, आणि आपल्याच राज्यात जमवलेलं आहे.

महाराष्ट्र शासनाचा कुठलाही अलीकडचा शासन निर्णय उघडा. विषय कधी कधी चार-चार ओळींचा, त्यात योजनेचं नाव, विभाग, संदर्भ, सुधारणा सगळं कोंबलेलं. शेवटच्या परिच्छेदात मात्र लिहिलेलं असतं की हा निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. तो संकेतांक अठरा अंकी असतो, सुरुवात वर्ष, महिना आणि दिवसाने. संकेतस्थळावर फाइल त्याच आकड्याच्या नावाने ठेवलेली असते. विषय कितीही लांबो, फाइलीचं नाव अठराच्या पुढे जात नाही. लांब मजकूर कागदाच्या आत, छोटी ओळख बाहेर. ही शिस्त लावणाऱ्याला मी मनापासून दाद देतो. चार ओळींचा विषय जर फाइलीचं नाव झाला असता तर ८५ घटकांची वेस पहिल्या-दुसऱ्या ओळीतच ओलांडली असती.

त्याही आधीचं उदाहरण पोस्टाचं. कोकणातल्या घराचा पत्ता म्हणजे वाडी, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. त्यात एकाच नावाची गावं अनेक आणि लिप्याही अनेक. मूळचे कोकणातले श्रीराम भिकाजी वेलणकर तेव्हा केंद्राच्या दळणवळण खात्यात वरिष्ठ अधिकारी होते, आणि संस्कृतचे मोठे पंडितही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी त्यांच्या कल्पनेतून सहा अंकी पिनकोड सुरू झाला. ४१५६१२ म्हटलं की पत्र रत्नागिरीला पोचतं. वेलणकरांनी कुणालाही वाडीचं नाव आखूड करायला सांगितलं नाही. लोकांची नावं लोकांकडे राहिली आणि यंत्रणेने स्वतःपुरती छोटी ओळख तयार केली.

टेस्टच्या साधनांनीही हेच करायचं आहे, आणि काहींनी केलंय. पायटेस्ट तात्पुरत्या फोल्डरला टेस्टचं नाव देताना ते तीसवर कापतो आणि पुढे क्रमांक लावतो. प्लेराइट लांब शीर्षक कापून त्यात एक छोटा हॅश, म्हणजे मूळ नावावरून काढलेली खूण, घालतो. दोन्हीकडे पूर्ण नाव अहवालात शाबूत राहतं, फक्त डिस्कवरचं आखूड होतं. क्रमांक किंवा हॅश हवाच. नुसतं कापलं तर सुरुवात सारखी असलेल्या दोन टेस्ट एकाच फोल्डरात घुसतात, एक दुसरीच्या फाइली पुसते, आणि मग टेस्ट कधी हिरवी, कधी लाल. असली चंचल टेस्ट लालहून वाईट.

कापतानाही भान ठेवा. बाइट मोजून मधेच सुरी चालवली तर तीन बाइटच्या देवनागरी घटकाचा तुकडा पडतो आणि नावाच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं उमटतात. मराठी नाव कापायचं तर पूर्ण अक्षराच्या कडेला कापा, ‘त्ना’च्या पोटात नाही.

तेव्हा प्रोजेक्ट लिहिणाऱ्यांनी काय करावं, ते थेट सांगतो.

टेस्ट सुरू व्हायच्या आधी पाथची लांबी मोजा. पाच-सहा ओळींचं काम आहे. मर्यादा ओलांडली जाणार असेल तर तिथेच थांबा आणि माणसाला कळेल असं लिहा: तुमचा पाथ इतका लांब आहे, इतकाच चालतो, प्रोजेक्ट छोट्या फोल्डरात हलवा. ‘फाइल नाही’ असं चुकीचं कारण पुढे करू नका.

तात्पुरते फोल्डर कुठे करायचे ते ठरवता येऊ द्या. पायटेस्टला बेसटेम्पचा पर्याय आहे. तो वापरा आणि रीडमीमध्ये पहिल्या पानावर लिहा. सॉकेट प्रोजेक्टच्या फोल्डरात ठेवू नका. लिनक्सच्या टेम्पमध्ये छोट्या नावाने ठेवा. फोल्डरात फोल्डर रचण्याची हौस आवरा. जावास्क्रिप्टच्या एनपीएमने एकात एक खुपसलेली पॅकेजेस २०१५मध्ये तिसऱ्या आवृत्तीत सपाट मांडायला घेतली. विंडोजवाल्यांचं दुखणं त्यामुळे बरंच हलकं झालं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तुमचं सीआय, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा, जिथे चालतं तिथे पाथ आखूड असतो, मशीन स्वच्छ असतं. तिथे हिरवं दिसलं याचा अर्थ रत्नागिरीतही हिरवं असा होत नाही. एक फेरी मुद्दाम वाईट जागी चालवा. विंडोजवर, लांब नावाच्या फोल्डरात, नावात मोकळी जागा आणि मराठी शब्द घालून. त्या फेरीत जे पडेल ते दुरुस्त करा आणि मगच प्रोजेक्ट लोकांना द्या.

शिक्षकांनाही एक विनंती. प्रोजेक्टच्या पहिल्या तासाला, कोडच्या आधी, पाथ शिकवा. डी ड्राइव्हवर दोन-तीन अक्षरांचा फोल्डर करायला लावा, झिपऐवजी गिटने क्लोन करायला शिकवा, वनड्राइव्हच्या बाहेर काम ठेवायला सांगा. लॅब सांभाळणाऱ्यांनी लांब पाथची सोय सगळ्या मशीनवर एकदाच चालू करून द्यावी. ते काम ॲडमिनचं आहे आणि ते फक्त ॲडमिनलाच करता येतं.

हे सगळं होईपर्यंत, ज्याची टेस्ट आज लाल आहे त्याच्यासाठी: आधी पाथ मोज. २५९च्या आसपास असेल तर दोष तुझ्या कोडमध्ये शोधू नकोस. प्रोजेक्ट छोट्या फोल्डरात हलव, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट नव्याने कर, टेस्ट परत चालव. हिरवी झाली तर तिथेच थांबू नकोस. ज्यांचं ते साधन किंवा पॅकेज आहे त्यांना पूर्ण पाथ, त्याची लांबी आणि पडलेल्या टेस्टचं नाव कळव. तुझ्या एका तक्रारीने ते दुरुस्त झालं, तर पुढच्या वर्षीच्या मुलांना ही आडकाठी येणार नाही.